डाळिंबाचा छापा धुऊ नकोस

अणदूर
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

शिवकन्या,

आशीर्वाद लिहायला माझा हात धजत नाही. तो मनातल्या मनात दिलाय असं समज आणि पुढं वाच. पत्ता तू दिवाळीला तुझ्या अण्णांना पाठवलेल्या फराळाच्या खोक्यावरून उतरवून घेतला. खोक्यावर फक्त भावाचं नाव होतं, भावजयीचं नव्हतं. तरी दोन करंज्या मी खाल्ल्या, राग येऊ देऊ नकोस.

लिहायचं कारण असं की पुण्याच्या दुकानाची मोठी ऑर्डर आलीय. लिननच्या उशांचे चाळीस अभ्रे, सगळ्यांवर डाळिंबाची फांदी. पानांचा छापा माझ्याकडं आहे, फळांचा तू जाताना घेऊन गेलीस. तेवढा पाठव, काम झालं की परत करीन.

वरचं सगळं खोटं आहे. ऑर्डर नाही, काही नाही. हा कागद फाडून दुसरा घ्यावा असं वाटलं, पण दुसऱ्यावरही मी हेच लिहिलं असतं. मी घाबरलेय, शिवू. माणूस घाबरलं की आधी खोटं बोलतं, आणि माझं तर तेही चार ओळींपलीकडं टिकत नाही.

अण्णांच्या छातीत डाग निघालाय.

डिसेंबरपासून खोकला होता. ते म्हणायचे, दुकानात पंपाच्या मोटारीच्या तारेला वार्निश लावतो, त्याचा वास घशात बसतो. पौष पौर्णिमेच्या आधी एकदा खोकून खोकून जेवण टाकून उठले तेव्हा मी हट्टानं सोलापूरला नेलं. खंडोबा दरवर्षीसारखा त्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामी, म्हणजे गावात देवसुद्धा नव्हता. आपल्या म्हाळसाबाई, त्या अजून येतात अभ्रे शिवायला, म्हणाल्या, ‘देव गावात येऊ द्या, मग दवाखान्याला जावा.’ मी ऐकलं नाही. आता वाटतं ऐकायला हवं होतं, निदान चार दिवस उशिरा कळलं असतं.

उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, गोल डाग आहे. मोठ्या मशीनमध्ये घालून पाहिलं तरी तो कसला ते ठाम सांगता येईना. सुई घालून तुकडा काढावा तर जागा अडचणीची, शेजारूनच रक्ताची मोठी नळी जाते. म्हणून छाती उघडून तेवढा भागच काढून टाकायचा म्हणतात. अठरा फेब्रुवारीला दाखल व्हायचंय.

मग डॉक्टरांनी विचारलं, जुना एखादा छातीचा एक्सरे आहे का. त्यातही हा डाग असेल आणि एवढाच असेल, तर ती जुनी भरून आलेली खूण, चाकू लावायची गरज नाही. त्यात नसेल किंवा बारका असेल, तर मात्र एक दिवसही घालवायचा नाही. तुला आठवतं, एकोणीस साली अण्णा मोटारसायकलवरून पडले होते आणि बरगडीसाठी एक्सरे काढला होता. डॉक्टरांचं बोलणं संपायच्या आत अण्णा म्हणाले, ‘न्हाय साहेब, हरवला.’ मी शेजारी बसले होते आणि गप्प राहिले. कारण तो हरवला नाही, तो आपण कापला, हे मला माहीत होतं. ज्या ठिकाणी काढला होता ते बंद पडलंय, दुसरी प्रत मिळायची नाही.

घरी आल्यावर पुढच्या खोलीतले सगळे छापे एकेक करून खिडकीला लावले. नक्षी कापून वरून रंग टिपायचा तर कागदाचा छापा रंगानं भिजतो, प्लास्टिकचा चुरगळतो, एक्सरेची फिल्म मात्र शंभर अभ्रे छापले तरी वाकत नाही, हा शोध तुझा. त्यासाठी आपण दोघी गावभर जुने एक्सरे मागत फिरलो होतो. कुणाचा गुडघा, कुणाचं कोपर, आणि लोक हसत द्यायचे. त्या गठ्ठ्यात पानांचा छापा निघाला. कोपऱ्यात गौरीशंकर असं नाव, एकोणीस साल आणि अण्णांच्या डाव्या बरगड्या. त्या बरगड्यांमधून मी माझ्या हातानं पानं कापलीत. उजवा अर्धा भाग, डाळिंबांचा, तुझ्याकडं आहे.

तू फिल्म ब्लीचच्या पाण्यात बुडवून पारदर्शक करायचीस, मी आळशी, काळीच वापरायची. तू तो अर्धा भाग धुतला होतास का, हे मला आठवत नाही. धुतला नसशील तर आता धुऊ नकोस. रंगाचे थर बसले असतील तरी राहू दे. तसाच दोन पुठ्ठ्यांत घालून पाठव.

तुला काही कळवायचं नाही अशी शपथ अण्णांनी मला घातलीय. आणि त्यांचा एक्सरे मी छापा करून बसलेय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. म्हणजे मी दोन्हीकडून चोर.

भुवनेश्वरी

अणदूर
रविवार, २ फेब्रुवारी

शिवकन्या,

आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. दर रविवारी मी त्याच वेळी भाकरी थापते, तुला ठाऊक नसेल. दारातून अर्धं बोलणं ऐकू येतं. आज अण्णा म्हणाले, ‘झकास हाय. वयनी बी झकास हाय. खोकला? छ्या, थंडीचा.’ मग तुझ्या योगीराजरावांच्या बदलीचं विचारलं, हुबळीला ऊन किती ते विचारलं. मी कान देऊन होते, की आता तू म्हणशील, वयनीचं पत्र आलंय. तू काही बोलली नाहीस. म्हणजे पत्र पोचलं नाही, की पोचलं आणि तू वाचलं नाहीस, की वाचून माझी शपथ राखलीस? तिन्हींपैकी काय बरं ते मला ठरवता येईना, आणि तव्यावरची भाकरी जळली.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ हातातल्या फोनकडं बघत बसले. मग उठून शर्टाच्या आत हात घालून छाती चोळली. मी बघतेय हे कळल्यावर खाजवल्यासारखं केलं. या घरात सध्या असं चाललंय. ते मला घाबरवायचं नाही म्हणून हसतात, मी त्यांना घाबरवायचं नाही म्हणून हसते. बाहेरच्याला वाटावं की दोघांना लॉटरी लागलीय.

फोनवर बोलावं तर तू माझा नंबर बंद करून ठेवलास. गेल्या महिन्यात म्हाळसाबाईंच्या फोनवरून लावला, तर माझं ‘हॅलो’ ऐकून तू ठेवून दिलास. बरोबर केलंस. पत्राचं बरं असतं, मध्येच ठेवता आलं तरी ते तिथंच पडून राहतं.

तर ज्यावरून तू माझ्याशी बोलणं सोडलंस ते पुण्याचं प्रदर्शन. दोन वर्षं मी स्वतःशी म्हणत आले की साधा शब्द होता, शिवूनं उगाच मनाला लावून घेतला. आज खरं लिहिते. स्टॉलवर आलेल्या त्या बाईंनी विचारलं, ही डाळिंबं कुणी काढली, किती नाजूक कापलीत. तू माझ्या शेजारी इस्त्री घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, ‘डिझाइन माझं. ही माझ्या हाताखालची.’ नणंद म्हटलं नाही, शिवकन्या म्हटलं नाही. डिझाइनही तुझं आणि कापकामही तुझं. मी कापायला बसले तर पानाचं टोक तुटतं. हे त्या वेळीही मला माहीत होतं. त्या बाई माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती मला फार आवडली होती, एवढंच कारण. तू बारा वर्षांची असताना मी या घरात आले, तुझ्या वेण्या घातल्या, आणि तुझ्याच मिळकतीची चोरी केली. चूक माझी आहे. छाप्याच्या लोभानं लिहीत नाही. म्हणजे लोभ आहेच, पण हे त्याच्याशिवायही खरं आहे.

छापा पाठव. दिवस सोळा राहिले.

भुवनेश्वरी

अणदूर
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शिवकन्या,

आज चांगुलपणानं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

दहा दिवस झाले. स्पीड पोस्टची पावती माझ्याकडं आहे, पत्र तीन तारखेच्या आत तुझ्या दारात पडलंय, पोस्टातल्या उमाशंकरनं मशीनवर बघून सांगितलं. तू माझ्यावर राग धर, जन्मभर धर, तो तुझा हक्क आहे. पण ती छाती माझी नाही. तुझ्या भावाची आहे, ज्यानं तुला खांद्यावर बसवून खंडोबाची यात्रा दाखवली. एक फिल्मचा तुकडा पुठ्ठ्यात घालायला किती वेळ लागतो गं?

मी काम सुरू ठेवलंय, कारण हात रिकामे राहिले की डोकं नको तिथं जातं. काल सहा अभ्रे बाद केले. कापड ताणून चिकटपट्ट्या लावल्या, छापा ठेवला, स्पंज रंगात बुडवून कागदावर टिपून कोरडा केला, सगळं तू शिकवलंस तसं. तरी उचलून बघते तर पानाच्या कडेनं रंग आत शिरलेला. लक्ष नसतं आणि छापा हलतो. रंग एक मिलिमीटर जरी पसरला तरी अभ्रा विकायचा नाही, हा तुझा नियम मी अजून पाळते. सहाच्या सहा म्हाळसाबाईंना फरशी पुसायला दिले. त्यांनी ते घरी नेऊन नातवंडांच्या उशांना घातले.

त्या काल सुई ओवता ओवता म्हणाल्या, ‘बाई, तुमी मालकाला खरं का सांगत न्हाई? कापला तर कापला. माणूस मोठं का एक्सरा?’ मी म्हटलं, सांगेन. त्या म्हणाल्या, ‘मला तर वाटतंय मालक बी कायतरी गिळून बसल्यात.’ म्हाळसाबाईंना सगळ्यांविषयीच असं वाटतं, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

देव नळदुर्गहून परत आलेत. मी देवळात गेले आणि भंडारा उधळून तशीच उभी राहिले. मागायचं काय तेच कळेना. छापा येऊ दे म्हणावं, तर छापा आला आणि त्यात डागच नसला तर? किंवा इवलासा असला तर? मग आशेला जागाच उरणार नाही. छापा न येणं बरं असं एक क्षण वाटलं, आणि त्याची इतकी भीती वाटली की पायात चपला न घालताच घरी आले. मागं जाऊन आणल्या.

झोपेत त्यांचा श्वास मोजते. दिवसा ते दुकानात असले की चहाच्या निमित्तानं जाऊन बघून येते. काल म्हणाले, ‘एवढा च्या पाजून मारतीस का मला?’

धुतला असशील तर तसं लिही. शिव्या लिही. काहीतरी लिही.

भुवनेश्वरी

हुबळी
१० फेब्रुवारी

वयनी,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिली दोन न उघडता कपाटावर टाकली होती. आज तिसरं आलं, पाकिटावर तुमचं अक्षर इतकं वेडंवाकडं होतं की तिन्ही उघडली.

छापा पाठवत नाही, कारण उपयोग नाही. मी तो धुतला होता. दोन तास ब्लीचमध्ये होता, आता काचेसारखा आहे. माफ करा.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तो एक्सरे मी कुठून उचलला नव्हता. अण्णांनी स्वतः आणून दिला होता. तुम्ही त्या दिवशी तुळजापूरला गेला होता. म्हणाले, ‘हे घे, तुझ्या कामाला यील. नीट धू. काय दिसाया नगं.’ मी खिडकीला लावून बघितला, मला सवयच होती. उजवीकडं वर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मध्ये, गोल पांढरं दिसलं. मी विचारलं, हे काय. अण्णा म्हणाले, ‘शर्टाचं बटण हाय.’ मला खरं वाटलं. कापायला बरं पडावं म्हणून फिल्म मधोमध कापली, डावा भाग तुमच्या गठ्ठ्यात टाकला, उजवा धुतला.

तुमचं पत्र वाचल्यापासून मला ते बटण दिसतंय. एक्सरे काढताना शर्ट काढायला लावतात ना, वयनी?

मी अण्णांना फोन केलेला नाही. फोनवर ते पुन्हा मला बटणच सांगतील. तुम्ही समोर उभ्या राहून विचारा. मला फार भीती वाटतेय.

शिवकन्या

अणदूर
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

शिवू,

काल दुपारी तुझं पत्र आलं. उंबऱ्यातच उभ्या उभ्या वाचलं. वाचून झाल्यावर पानांचा छापा पदराखाली घेतला आणि दुकानात गेले.

ते मोटारीत तार भरत होते. तोंडानं वेढे मोजत होते, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी. तुला माहीत आहे, मोजताना त्यांना कुणी बोललेलं चालत नाही. मी समोरच्या स्टुलावर बसले, छापा टेबलावर ठेवला आणि विचारलं, ‘बटण कोणत्या शर्टाचं होतं?’

त्यांचा हात थांबला. छाप्याकडं बघितलं, कोपऱ्यातलं स्वतःचं नाव वाचलं. मला वाटलं चिडतील, म्हणतील, माझ्या छातीवर पानं कापलीस का. एवढे दिवस मी त्याच बोलण्याला भीत होते. पण तार सुटली आणि सगळे वेढे सैल होऊन खाली आले, तरी ते बसूनच.

मग म्हणाले, ‘म्या घाबरलो, भुवना.’

शिवू, एकोणीस सालीच त्यांना सांगितलं होतं. एक्सरे आणायला ते एकटे गेले होते. तिथला माणूस म्हणाला, बरगडी ठीक आहे पण वर एक डाग दिसतोय, तीन महिन्यांनी परत येऊन दाखवा. घरी येऊन मला सांगितलं, बरगडी मोडली नाही, आणि मी आनंदानं गोडाचा सांजा केला होता. ते गेलेच नाहीत. तीन महिने झाले, सहा झाले, वर्ष झालं. जितका उशीर तितकी जायची भीती जास्त. एक्सरे कपाटात दिसला की घास उतरत नसे, म्हणून तुला दिला. फाडून टाकायची छाती नव्हती आणि ठेवायचीही नव्हती. आणि आता डॉक्टरांनी जुना मागितला तर ‘हरवला’ म्हणाले, कारण त्यातला डाग बारका निघाला, तर सहा वर्षं वाढू दिला याचा जाब त्यांचा त्यांनाच द्यावा लागेल. चाकू परवडला, पण ते नको. मी म्हटलं, सांगितलं असतं तर काय झालं असतं? म्हणाले, ‘तोंडानं बोललो असतो तर खरं झालं असतं.’

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं मुठीत जीव झाकून ठेवला होता. पण त्यांचा खालचा ओठ थरथरत होता, आणि सत्तावीस वर्षांत मी तो कधी थरथरलेला बघितला नव्हता. तुमच्या आई, अव्वा, गेल्या तेव्हासुद्धा नाही. मग मीही सांगितलं की एक्सरे कापलाय हे मला सोलापूरलाच माहीत होतं आणि मी गप्प बसले. दोघांनी एका दमात डॉक्टरांना फसवलं. ते क्षणभर हसल्यासारखे झाले आणि खोकला आला.

खोकला थांबल्यावर उठून भिंतीवरचा बसवेश्वरांचा फोटो उतरवला. मागं खिळ्याला अडकवलेला कागद होता, चार घड्या घातलेला, कडेला वार्निशचे डाग. एक्सरेबरोबर मिळालेला रिपोर्ट. फिल्म देऊन टाकली पण हा कागद त्यांना टाकवला नाही. इंग्रजीत आहे, म्हणून कधी कुणाला वाचायला दिला नाही. मी आपली बारावी झालेली, अडखळत वाचला. डाव्या-उजव्याचं, बरगडीचं, आणि मग आकडा. चौदा मिलिमीटर.

घरी येऊन पिशवीतून नवा रिपोर्ट काढला. पंधरा मिलिमीटर.

म्हणजे डाग तेव्हाही होता, हे कळलं. पण चौदाचा पंधरा झाला. वाढला. मी आपली कापायची पट्टी घेतली आणि एक मिलिमीटर किती असतो ते बघत बसले. इतरांना ते काहीच वाटणार नाही. मला वाटतं. तेवढा रंग पसरला की आपण अख्खा अभ्रा फेकतो. आपल्या कामात एक मिलिमीटर म्हणजे बाद. डॉक्टरांच्या कामात तो किती असतो हे मला कोण सांगणार? सोमवारपर्यंत डॉक्टर बाहेरगावी आहेत.

अण्णांना मी आकडे सांगितले नाहीत. ते विचारतात, ‘काय लिवलंय?’ मी म्हणते, इंग्रजी अवघड आहे. बघ, पुन्हा तेच. आज रविवार नाही, तरी तू फोन कर त्यांना. बटणाचं विचारू नकोस. नुसतं बोल.

भुवनेश्वरी

अणदूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

शिवू,

आज आम्ही दवाखान्यात असायला हवं होतं. घरी आहोत. आधी एवढं वाच आणि खाली बस.

काल सकाळी सोलापूरला गेलो. डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मी काही बोलायच्या आत अण्णा उभे राहिले, शाळेत उभे राहतात तसे, आणि म्हणाले, ‘साहेब, एक्सरा हरवला न्हवता. म्या दडवला हुता.’ सगळं सांगितलं, तीन महिन्यांचं, बटणाचं, फोटोमागच्या कागदाचं. पानांचा छापाही दाखवला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला, पानांमधून आमच्याकडं बघितलं आणि आधी चांगलं झापलं. ते झापत असताना मला बरं वाटत होतं, कारण गेलेल्या माणसाला कुणी झापत नाही.

मग दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. मशीनवरचे फोटो लावून मोजलं. मला राहवेना, मी म्हटलं, एक मिलिमीटर वाढलाय. डॉक्टर म्हणाले, ‘एवढा फरक मोजण्यातच पडतो, ताई. सहा वर्षांत वाढला म्हणायचं तर एवढ्यावर म्हणता येत नाही.’ मी म्हटलं, आमच्यात एवढ्याला बाद करतात. ते म्हणाले, ‘आमच्यात एवढ्याला जुना म्हणतात.’

बहुतेक जुनीच खूण असावी, असं त्यांचं म्हणणं. ऑपरेशन तूर्त नाही. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा, आणि या वेळी चुकवलं तर ते स्वतः अणदूरला येऊन धरून नेतील म्हणाले. मी ‘बहुतेक’ म्हणजे किती ते विचारलं. त्यांनी हात पुसत सांगितलं की बहुतेक म्हणजे बहुतेक. खोकल्याला वेगळं औषध दिलंय आणि वार्निशच्या कामाला तोंडाला फडकं बांधायला सांगितलंय.

बाहेर आल्यावर मला हसू यायला हवं होतं. मला संताप आला. एक कागद फोटोमागून काढला असता तर जानेवारीतच हे कळलं असतं. महिनाभर मी काय काय बघितलं ते माझं मला माहीत. बसमध्ये मी त्यांच्याशी बोलले नाही. सोलापूर मागं पडलं, नळदुर्ग आलं, तरी बोलले नाही. नळदुर्ग सुटल्यावर त्यांनी फोन काढला आणि तुला लावला. पुढचं तुला माहीत आहे, पण तुला दिसलं नाही. भरलेल्या बसमध्ये, उभ्या माणसांच्या गर्दीत, तुझे अण्णा मोठ्यानं बोलत होते आणि रडत होते. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाण्याची बाटली दिली. आणि मग त्यांनी फोन माझ्या कानाला लावला, म्हणाले, ‘वयनीशी बोल.’

तू बोलली नाहीस. मीही नाही. तुझ्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, एक, दोन, तीन. तू गॅस बंद करायला गेली नाहीस हे मला कळत होतं. अणदूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत आपण अशाच होतो. तुझी डाळ करपली असणार.

तिथं मला जे बोलता आलं नाही ते लिहिते. डाग बहुतेक जुना आहे, पण माझी भीती नवी आहे आणि ती काही कालच्या कागदानं गेलेली नाही. आज सकाळीही मी त्यांचा श्वास मोजला. ते जागे होते. म्हणाले, ‘किती झालं?’ मग दोघांनी मिळून मोजला, म्हणजे ते श्वास घ्यायचे आणि मी आकडा म्हणायची. पहिल्यांदाच आम्ही एकमेकांसमोर घाबरलो. फार वाईट वाटलं नाही.

अठरा मेपर्यंत मोजायचंय. एवढे दिवस आम्हा दोघांना पेलणार नाहीत. तू ये.

तुझी
वयनी